तेल प्यालेले खांब

आर्वी तहसिलीतल्या त्या कसब्यात घाणीपुरा कुठे म्हणून विचारलं, की कोणीही एकच खूण सांगायचं: दोन खांब लागले की आत शिरा. पूर्वी तिथे वेस होती म्हणतात. दारं कधी गेली, कमान कधी पडली, हे सांगणारंही आता कोणी उरलं नव्हतं. चुन्या-विटांचे, दोन पुरुष उंचीचे खांब तेवढे उभे होते. मनकर्णाबाई लग्न होऊन आली तेव्हा अंगाने एवढीशी होती. विहिरीवरून येताना डोक्यावरच्या घागरीसकट गल्ली चुकायची आणि भलत्याच दारात जाऊन रडायची. सासरे म्हणाले होते, ‘‘खांब पाह्यत जाय, बाई. खांबातून आत आली, का कोनाचंबी घर आपलंच.’’

वर्धा अजून मध्यप्रदेशात होतं, त्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. आषाढ लागला होता. गावकमिटीचे मेंबर भैयाजी छत्री मिटत ओसरीवर येऊन बसले. मनकर्णाबाईचे यजमान बबनराव तेलाच्या घाणीवरून उठून आले.

‘‘बबनराव, ठराव झाला. डावा खांब खालून पोकळ झाला. एखाद्या पोट्ट्याच्या आंगावर पडला तं कोन जबाबदार? अन् कापसाच्या जिनिंगचे ट्रकबी अडतात तठी. दोन्ही पाडून टाकतो.’’

बबनरावांना आणि त्यांच्या घाणीच्या बैलाला आयुष्यात कसली घाई म्हणून ठाऊक नव्हती. दाराआडून मनकर्णाबाई बोलली.

‘‘पाडाचं काऊन, भैयाजी? नीट नाई होत का?’’

‘‘करा ना वहिनी! कमिटीजवळ मानसं नाईत.’’

‘‘मानसं पुऱ्यात हायेत. पोळ्यापर्यंत थांबा. पोळ्याचं तोरन त्याच खांबाले बांधू. नाई जमलं, तं पयला घाव मीच घालीन.’’

भैयाजी हसले. ‘‘घाला. कुदळ माह्या घरून नेजा.’’

ते गेल्यावर बबनरावांना वाचा फुटली. ‘‘अवं, जबान देऊन बसली! चुना कोठचा, गवंडी कोठचा?’’

‘‘तुमी बैल देता का नाई, तेवढं सांगा.’’

बैल मिळाला. मग ती दारोदार फिरली. कोणाच्या पडक्या भिंतीच्या विटा, कोणाकडे लग्नाच्या रंगकामातून उरलेला चुना, कोणाकडून गूळ. चुन्याला चिकटपणा यावा म्हणून बायांनी बेलफळं फोडून गर भिजत घातला. वडाखाली गोल चर खणून त्यात चुना आणि रेती मळायला दगडी चाक लावलं, आणि बबनरावांचा बैल डोळ्यांवर झापड बांधून फिरू लागला. पोरं बघायला जमली. बबनराव म्हणाले, ‘‘त्याले काय, तेल असो का चुना असो, फेरे सारखेच.’’

नत्थूजी गवंड्याने डाव्या खांबाची पोकळी भरली, वरून गिलावा चढवला. दोन दिवसांत कमरेखालचा सगळा गिलावा पापुद्रा सुटावा तसा सुटून पडला. वरचा मात्र घट्ट. पुन्हा लावला, पुन्हा पडला. पुऱ्यात कुजबुज सुरू झाली. सगळ्यांत वडील रामबाई उघडच म्हणाली, ‘‘देवाची मर्जी नाई. हात लावू नोका आता.’’

देव म्हणजे खांबाचा पायथा. घाणीपुऱ्याची रीतच होती, नवा घाणा पडला की पहिलं वाटीभर तेल दोन्ही खांबांच्या पायाशी ओतायचं आणि वर शेंदराचं बोट लावायचं. किती पिढ्यांनी ओतलं असेल! पायथ्याशी शेंदराचा थर भाकरीएवढा जाड झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई घाणीच्या खोलीत सारवत होती. जिथे तेल सांडलेलं, तिथे शेण काही केल्या बसत नव्हतं. हात फिरवला की सरकायचं. रोजचंच होतं ते, रोज ती त्या जागेवर करवादायची. आज मात्र हात तसाच थांबला. ती शेणाच्या हातानेच उठली, खांबापाशी गेली, पडलेल्या गिलाव्यामागची वीट नखाने खरवडली आणि नाकाशी धरली. वीट कसली, जवसाची पेंडच ती!

नत्थूजी चुना कालवत होता. ‘‘भाऊ, तुमाले ठाऊक होतं हे.’’

नत्थूजीने मान वर केली नाही. ‘‘होतं ना, बाई. पन तुमच्या देवाले खुरपं कोन लावंल? मी लेकराबाळाचा मानूस.’’

आता आपणच बोलायला हवं, हे तिला कळलं. आणि तेच जड होतं. धाकटा तापाने फणफणला होता तेव्हा तिने स्वतः याच खांबावर तेलाचा अख्खा गडवा रिता केला होता. पोरगं उठून खेळायला लागलं होतं. ते तेलही त्याच विटांत होतं.

संध्याकाळी ती खुरपं घेऊन आली तर रामबाई खांबाला पाठ लावून बसलेली. बाया गोळा झाल्या. बबनराव लांबूनच बघत राहिले.

‘‘मनकर्ने, माह्या सासूनं घातलेलं तेल हाय यात. तुह्या सासूनंबी.’’

‘‘मीबी घातलं, आत्याबाई. म्हनूनच तं पडून राह्यलं. आपल्याच तेलानं चुना धरत नाई.’’

‘‘मंग देव खरवडतं का?’’

‘‘मारोतीचं शेंदराचं कवच सुटते का नाई? देवानं जुनं आंग टाकलं म्हनतो आपन, अन् वाजतगाजत नदीले नेतो. हेबी तसंच नेऊ.’’

‘‘ते आपोआप सुटते. तू हातानं काढून राह्यली.’’

‘‘आपोआप सुटाची वाट पाह्यली, तं अख्खा खांबच सुटंल आत्याबाई. कमिटी बसलीच हाय वाट पाहत.’’

कोणीतरी बाई फिसकन हसली. रामबाईने तिच्याकडे असं पाहिलं की ती पदरात तोंड घालून मागे सरकली. मग म्हातारीने विचारलं, आणि आवाज एकदम लहान झाला होता, ‘‘अन् उद्यापासून पयलं तेल कोठी घालू मी?’’

मनकर्णाबाई तिच्याजवळ जमिनीवर बसली. ‘‘वर कोनाडा ठेवाले सांगतो नत्थूजीले. दिवा लावू. पयलं तेल दिव्यात.’’

‘‘इझला तं?’’

‘‘तं पुन्हा लावू.’’

रामबाईने शेंदरावर तळवा ठेवला, काहीतरी पुटपुटली. मग हात पुढे केला. ‘‘आन ते खुरपं. तू अशी धसमुसळी, देवाले लागंल.’’

पहिली ढलपी तिनेच काढली. सुटलेला शेंदूर नव्या टोपल्यात लाल फडक्यावर ठेवला आणि टाळ वाजवत वर्धा नदीला पोचवला. मग खरं काम सुरू झालं. जंगलातून मोळ्या आणणाऱ्या जंगूने दिलेल्या लाकडी बल्ल्यांचा टेकू लावून तेलकट विटा एकेक करून काढल्या, कोऱ्या बसवल्या. ज्या काढता येत नव्हत्या त्या बायांनी राखेच्या उकळत्या पाण्याने घासल्या, तेलाची भांडी घासावी तशा. पाऊस आला की पोत्यांनी झाकायचं, उघडला की पुन्हा लागायचं. मनकर्णाबाईच्या बोटांची सालं निघाली. जेवताना बोटांना तिखट झोंबलं की ती नुसती हात झटकायची.

पोळ्याच्या दिवशी पोती काढली. गिलावा खालपर्यंत जागच्या जागी होता. एका कोपऱ्याला तळहाताएवढी चीर गेलेली, तेवढीच. आंब्याच्या पानांचं तोरण चढलं. भैयाजी आले, छत्रीच्या टोकाने पायथा ठोकून पाहिला. पुन्हा जरा जोरात ठोकला.

‘‘बसला बुवा. अन् उजवा? त्याले तं हातबी लावला नाई तुमी.’’

‘‘पोकळ तं डावाच म्हनला होता ना तुमी.’’

‘‘ठराव दोघांचा हाय, वहिनी.’’

‘‘तोरनबी दोघांवरच हाय. सोडता का तुमी?’’

भैयाजींनी वर तोरणाकडे पाहिलं. खाली शिंगं रंगवलेल्या बैलजोड्या ताटकळत उभ्या होत्या, माणसं हसू दाबत होती. ‘‘बरं, उजवा दिवाळीपर्यंत करा. ट्रक नाल्याकडून फिरवाचं कमिटीत बोलून पाह्यतो.’’

‘‘पाह्यतो नाई. बोला.’’

‘‘बोलतो ना, माय!’’

बैल सुटले. बबनरावांचा बैल आज झापडाविना चालला, तो दोन्ही खांबांकडे बघत, थबकत.

दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन निघायच्या आत मनकर्णाबाई राखेची बादली घेऊन उजव्या खांबाशी पोचली, तर रामबाई आधीच खुरपं चालवत बसलेली.

‘‘काऊन वं, इतका उशीर?’’ म्हातारी मान न वळवता म्हणाली. ‘‘घास तिकडून.’’