घट्ट रगात

डास हातावर बसला की आमचे मिस्त्री त्याला मारत नसत. हात पुढं धरून म्हणत, "चाव की. रगात घट्ट हाय, सोंड मोडंल."

फाउंड्रीत ते तयार कास्टिंगवर हातोडीची टिचकी मारत. आवाज बद्द आला की निकाल ठरलेला: "खोट हाय. परत भट्टीत." बाहेरही तेच. कलिंगड असो की माझा होणारा मेहुणा, सगळ्यांना त्यांनी टिचक्या मारून बघितलंय.

नव्वदच्या आसपास आम्ही दोघं गोव्यात मशीन बसवायला गेलो आणि दोघांनाही मलेरिया झाला. माझा डोक्यात चढला. मी म्हणे नर्सला आक्का म्हणून तांबडा रस्सा मागत होतो. मिस्त्री मात्र चार दिवसांत उठून माझ्या कॉटवर बसले. तालमीत प्यालेल्या दुधाची ताकद, असं ते सगळ्या वॉर्डाला सांगत. माझे पाय चेपत होते, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

कोल्हापुरात परतल्यावर डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासलं आणि घट्टपणाची हवाच काढली. तांबड्या पेशी जन्मापासूनच बारीक, आईबापाकडून आलेल्या. अशा रक्तात मलेरिया सहसा टोकाला जात नाही. पण नवराबायको दोघांचंही रक्त असंच असलं, तर पोराला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवावं लागू शकतं. लेकीचं तपासलं, तिचंही तसंच निघालं. आणि तिची सुपारी फुटायची होती.

"मिस्त्री, परत भट्टीत," आम्ही चिडवलं. ते हसले नाहीत.

भाऊबंद म्हणाले, गप बसा, सोयरीक मोडेल. मिस्त्रींनी मान डोलावली, आम्हाला वाटलं ऐकलं. बैठकीत मात्र त्यांनी सुपारीवर हात ठेवला.

"पावणं, थांबा. आमच्या रगतात खोट हाय. तिच्यामुळंच मी वाचलो आसंन, पण ती पोरीतबी हाय. तुमच्या पोराचं रगात तपासा, मग फोडा."

व्याह्यांनी त्यांच्या हाताखालची सुपारी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "खोट झाकून पोरगी देणारं लई बघितलं. सांगून देणारं तुमीच. तपासतो की."

मुलाचं रक्त चांगलं निघालं आणि सुपारी फुटली. मिस्त्री दारामागं जाऊन रडले.

आता ते नाहीत. रक्षाविसर्जनाहून परतल्यावर त्यांच्या नातीच्या हातावर डास बसला. तिच्यातही आजोबांच्या बारीक पेशी उतरल्यात. मी मारायला हात उचलला, तर तिनं आपला हात पुढं धरला.

"असू दे की काका. सोंड मोडंल."