चाळीतलं इंग्रजी
परवा राजुरीला एका कांद्याच्या चाळीपाशी उभी होते, आणि त्या उग्र, उबट वासासरशी सासूबाई आठवल्या. लग्नानंतर बारावीच्या इंग्रजीत मी दुसऱ्यांदा नापास झाले होते. 'टेक' या एका क्रियापदानं जीव खाल्ला होता. चहा घ्यायचा तरी टेक, फोटो काढायचा तरी टेक, आणि परीक्षा आपण देतो, तरी तिथंही टेकच! एकदा वैतागून मी आमच्या चाळीत पुस्तक गोणीवर आपटलं आणि कांदे निवडायला बसले. शेजारीण हसून म्हणाली, "हिला पास व्हायला लई येळ लागंल." सासूबाईंनी माझ्यापुढची कांद्याची पाटी ओढून घेतली, पुस्तक झटकून हातात दिलं. "लागू दे की! कांदा निवडायला मी हाये. तू मोठ्यानं वाच, मला बी ऐकू दे." दिवस मावळेपर्यंत मी वाचत राहिले, आणि त्या सडका कांदा बाजूला टाकत हुंकार देत राहिल्या. आता मी शाळेत इंग्रजी शिकवते. फळ्यावर 'इट टेक्स टाइम' लिहिलं की मुलं अर्थ विचारतात. मी सांगते, वेळ लागतो. आणि पुढचं आपोआप सासूबाईंच्या आवाजात येतं, "लागू दे की!"