भोईटेकाकांचा चौथा प्रश्न

बारा जुलै, शुक्रवार, दुपारचे पावणेचार. बडोदा स्टेशनच्या पार्सल ऑफिसच्या खिडकीवर मी तीन हजार अठ्ठेचाळीस रुपये भरले. लाकडी पेट्या अकरा, वजन तीनशे शहाण्णव किलो, माल जाणार आसामला. हजर आम्ही तिघे: मी, हमाल रणछोडभाई आणि ज्यांच्या भरवशावर हे सगळं चालायचं ते भोईटेकाका. पावती खिडकीतून बाहेर आली ती काकांनी घेतली, कपाळावरचा चष्मा खाली ओढून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचली, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "चालो, उद्या पोस्टात टाकतो." दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला त्यांच्या मुलीचा, वंदनाताईंचा फोन आला. काका अंघोळीला म्हणून उठले, पुन्हा पलंगावर टेकले, आणि... बसल्या जागीच गेले. वय एक्याऐंशी.

काका रेल्वेचे नोकर नव्हते. आमच्यासारख्या छोट्या व्यापाऱ्यांना माल रेल्वेने लांब पाठवायचा असेल तर फॉर्म भरणं, वजनाला उभं राहणं, पेटीवर ब्रशने ठिकाण रंगवणं आणि पावती ज्याला माल सोडवायचा आहे त्याच्याकडे धाडणं, एवढं काम ते पेटीमागे ठरलेल्या मजुरीवर करत. ही मूळ पावती दाखवल्याशिवाय पलीकडच्या स्टेशनावर माल हातात देत नाहीत, म्हणून ती ते कुणाच्या हाती सोपवत नसत. पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते, वडील मामलेदार कचेरीत, आणि काका सयाजीगंजात पार्सल ऑफिसच्या भिंतीला लावलेल्या एका टेबलामागे. चोपन्न वर्षं तेच टेबल. पूर्वेला ते स्वतः कधी भुसावळच्या पुढे गेले नव्हते. पण कटिहारला गाडी किती वेळ थांबते, कुठल्या स्टेशनात मालाचा डबा फलाटाच्या बाहेर उभा राहतो, हे त्यांना विचारावं.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. त्याला आता बावीस वर्षं झाली. बडोद्याच्या वाडी भागात माझा लहानसा कारखाना आहे. शाळेच्या फळ्यावर वापरायचे मोठे लाकडी कंपास, कोनमापक आणि गुण्ये आम्ही बनवतो. तेव्हा नुकतीच सुरुवात होती आणि पहिली मोठी ऑर्डर आसाममधल्या एका गावच्या दासबाबूंची मिळाली. शाळांना साहित्य पुरवायचा त्यांचा धंदा. मी पाच पेट्या पाठवल्या, चाळीस गुण्ये. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला की अठरा गुण्ये वाकले आहेत, काटकोन काटकोन राहिलेला नाही, आणि वाकडा गुण्या घेऊन मास्तर मुलांना भूमिती कशी शिकवणार. बोलणं बरोबर होतं. गुण्याचा कोन नव्वदचा अठ्ठ्याऐंशी झाला की तो गुण्या नव्हे, नुसतं लाकूड. मी सायकल काढून तडक स्टेशनवर गेलो आणि काकांना चार माणसांत बोललो. माल तुमच्या हाती दिला होता, तुम्ही कोरडा पोहोचेल म्हणाला होतात, वगैरे. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कुठल्या बाजूने वाकले?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

"मग आधी ते विचारू. रागवायला काय, नंतरही वेळ आहे."

त्यांनी दासबाबूंना पोस्टकार्ड लिहिलं. कुठल्या नंबरच्या पेटीतले गुण्ये वाकले, पेटीत ते वर होते की तळाला, लाकडावर डाग आहे का. उत्तर आलं: पाचही पेट्यांतले, पण फक्त तळाच्या थरातले. काका ते कार्ड हातात धरून कितीतरी वेळ बसले होते. एखाद्याला लॉटरी लागावी तसा चेहरा. पाऊस असता तर पाणी वरून आलं असतं, म्हणाले. हे खालून आलंय. म्हणजे पेट्या कुठेतरी ओल्या जमिनीवर पडून होत्या. गाडीचा प्रवास तीन दिवसांचा, माल पोहोचला नवव्या दिवशी. उरलेले सहा दिवस पेट्या कुठे होत्या?

माझं नुकसान झालं होतं आणि या गृहस्थाला कोडं मिळालं होतं, याचा मला तेव्हा फार राग आला. पण ते थांबले नाहीत. त्या काळी वाटेत दोन जंक्शनांवर माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवत. काकांनी दोन्ही ठिकाणच्या हमालांच्या मुकादमांना कार्डं लिहिली, नाव माहीत नसताना, नुसतं 'पार्सल मुकादम' म्हणून. सोबत उत्तरासाठी आपला पत्ता घातलेलं कोरं कार्ड. प्रश्न साधे: पार्सल कुठे ठेवता, वर छप्पर आहे का, फरशीचा उतार कुठल्या बाजूला आहे. मी म्हटलं, काका, असल्या कार्डाला कोण उत्तर देणार. ते म्हणाले, "त्याला आजवर कुणी विचारलं नसेल. म्हणून देईल."

एकाने दिलं. महिन्याभराने, वाकड्यातिकड्या अक्षरात. 'छत है। पानी नल का है।' त्या जंक्शनचं नाव इथे देत नाही, आता तिथे सगळं बदललंय असं ऐकतो. पुढे त्याने खुलासा केला होता: फलाटावर उतारूंसाठी पिण्याच्या पाण्याची टाकी होती, तिचं सांडपाणी उताराने वाहत नेमकं पार्सलच्या जागेखालून जात होतं. बारा महिने, पाऊस असो की नसो. अंगठ्याएवढा पातळ ओघळ, पण सहा दिवस.

इलाज काकांनीच काढला. प्रत्येक पेटीच्या तळाला दीड इंच उंचीच्या दोन लाकडी पट्ट्या ठोकायच्या, म्हणजे पाणी खालून निघून जाईल. मी हिशेब मांडला: पेटीमागे पट्ट्यांचं वजन बाराशे ग्रॅम, त्याचं भाडं वेगळं, खिळे वेगळे. काका म्हणाले, "अठरा गुण्यांचं वजन कर आधी." मी पट्ट्या कापायला घेतल्या. पट्ट्या ठोकलेली पहिली पेटी रणछोडभाईने पाहिली तेव्हा तो तरणाबांड होता. ती चारही बाजूंनी न्याहाळून म्हणाला, "काका, हवे पेटी चालती जशे?" आता पेटी चालत जाणार का! काका म्हणाले, "हा, तारी मजूरी बची जशे." तुझी मजुरी वाचेल. पुढे कितीतरी दिवस हमाल माझ्या पेट्यांना 'पगवाळी' म्हणत, पाय असलेल्या.

तेव्हापासून काकांनी एक रिवाज पाडला. माल कुणाचाही असो, पावतीच्या लिफाफ्यात आपला पत्ता लिहिलेलं एक पोस्टकार्ड घालायचं. त्यावर हिंदीत तीन प्रश्न: माल किस तारीख को मिला, कितने दिन पडा रहा, भीगा या सूखा. माझ्या मालाला चौथा प्रश्न जादा असे: कोण कितना. गुण्या तपासून कोन किती भरला ते लिहायचं. दहातले सहा लोक उत्तर पाठवत. ती कार्डं काका पंधरा किलोच्या तुपाच्या रिकाम्या डब्यात स्टेशनवार दोऱ्याने बांधून ठेवत. मी एकदा विचारलं, यातून तुम्हाला मिळतं काय? पेटीमागे मजुरी तर तेवढीच. ते जरा विचारात पडले, जणू हा प्रश्न त्यांना नवीनच होता. मग म्हणाले, "मी गाडीत बसवून देतो ना, सुधीर. मग पोहोचला का हे नको कळायला?" एखाद्या घरची मुलगी रात्रीच्या गाडीने सासरी पाठवल्यासारखं बोलत, आणि बोलत ते खिळे ठोकलेल्या पेट्यांबद्दल.

आता त्या अकरा पेट्यांकडे येतो, कारण त्यात माझी चूक आहे आणि ती लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

शनिवारी काकांना पोहोचवून आलो तेव्हाच डोक्यात आलं की पावती त्यांच्याकडे आहे. पण ज्या घरात सुतक आहे तिथे आपल्या मालाची पावती कुठल्या तोंडाने मागायची? रविवारी गेलो, बसून आलो. सोमवारी, मंगळवारी, बुधवारीही. वंदनाताई समोर बसत, काकांच्या गोष्टी निघत, मी हं हं करत असे. गुरुवारी सकाळी दासबाबूंचा फोन आला. माल बुधवारी उतरला होता, उघड्या फलाटावर वर ताडपत्री टाकून ठेवला होता आणि तिथे मुसळधार पाऊस चालू होता. काका खिडकीपाशी पावती वाचत असताना मी फोटो काढून पाठवला होता, तो त्यांनी मोबाइलवर दाखवला, पण पार्सल ऑफिसातला बाबू म्हणाला मूळ कागद आणा, नाहीतर पावती हरवली असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्या. मला ते पटेना. पावती हरवली नव्हती. ती कुठल्या घरात आहे हे मला पक्कं माहीत होतं. खोटं कसं लिहायला सांगायचं? आज वाटतं, खऱ्याची एवढी चाड होती तर चार दिवस तोंड का उघडलं नाही.

त्या दिवशी वंदनाताईंनीच विषय काढला. "सुधीरभाऊ, रोज येता, पाणीसुद्धा घेत नाही. तुमचं काही राहिलंय का आमच्याकडे?"

मी सांगितलं. त्यांनी उठून टीव्हीच्या कपाटावरून एक लिफाफा उचलला आणि माझ्या हातात दिला. दासबाबूंचा पत्ता काकांच्या अक्षरात, चिकटवलेला, तयार. "शुक्रवारी जेवायच्या आधीच करून ठेवला होता बाबांनी. मला वाटलं तुम्ही स्वतःहून उचलाल. तुम्ही रोज त्याच्या समोरच तर बसत होता."

"सुतकात कसं मागायचं, ताई..."

"आईच्या दहाव्याला बाबा घाटावरून आले ते सरळ स्टेशनवर गेले होते. तीन पेट्या होत्या कुणाच्या तरी." त्या थोडं हसल्या. "तुम्हाला बाबा बावीस वर्षांत कळले नाहीत होय?"

लिफाफा त्याच तासाला स्पीडपोस्टने गेला. दासबाबूंना तो पाचव्या दिवशी, मंगळवारी मिळाला. बुधवार ते मंगळवार, पेट्या सात दिवस त्या फलाटावर होत्या. माझा माल जवळजवळ इतके दिवस पूर्वी एकदाच पडून राहिला होता, तो त्या नळाच्या ओघळात. माल सोडवल्यावर दासबाबूंनी फोनवर एवढंच सांगितलं की पेट्या मिळाल्या, दुकानात गर्दी आहे, बाकी लिहितो. मी फोनवर चौथा प्रश्न विचारला नाही. का, ते सांगता येत नाही. तो विचारायचा हक्क माझा नव्हता, असं काहीतरी. रात्री मात्र झोप लागेना. काकांनी शेवटची बांधलेली पेटी जर माझ्या संकोचापायी भिजली असेल...

पाच आठवड्यांनी वंदनाताईंचा फोन आला. बाबांच्या नावाने कार्ड आलंय, पण बेरंग आहे, तिकीट कमी पडलंय, पोस्टमन नऊ रुपये मागतोय, घ्यायचं का? मी म्हटलं त्याला थांबवा, आणि कारखान्यातून निघालो. चालत सात मिनिटं लागतात, चार मिनिटांत पोहोचलो. पोस्टमन पायरीवर बसून चहा पीत होता. त्याने समजावून सांगितलं: कार्ड पन्नास पैशांचं, पण वर कागद डकवला की ते पत्र धरलं जातं, पत्राचे पाच रुपये, कमी पडले साडेचार, त्याची दुप्पट नऊ. हिशेब बरोबर होता.

कार्डावर दासबाबूंनी तीन उत्तरं लिहिली होती. तेईस तारीख. सात दिन. 'पट्टी भीगी, पेटी सूखी।' चौथ्या प्रश्नापुढे काही लिहिलं नव्हतं. तिथे गणिताच्या वहीचा चौकटीचा कागद डकवला होता. गुण्याचा कोपरा त्यावर ठेवून पेन्सिलीने गिरवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'भोईटेजी, आप खुद नाप लीजिए।' काका गेल्याचं मी त्यांना कळवलंच नव्हतं. वंदनाताईंनी आत जाऊन नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला. मी तो कागदावर ठेवला. खात्रीसाठी दुसऱ्यांदा ठेवला. वंदनाताईंनीही वाकून पाहिलं. नव्वद.

तुपाचा डबा अजून काकांच्या पलंगाखाली आहे. दासबाबूंच्या गठ्ठ्याचा दोरा सोडून ते कार्ड मी सगळ्यात वर ठेवलं आणि पुन्हा गाठ मारली. माल उशिरा उचलल्याचा स्टेशनवरचा दंड दासबाबूंनी भरला होता, तो मी त्यांना पाठवून दिला, कारण उशीर माझा होता. आणि काकांच्या नावे आलेल्या टपालाचे नऊ रुपये मी पोस्टमनला रोख दिले. दहाची नोट होती, एक रुपया परत आला.