पटाचा निकाल आणि घरचा कॉम्प्युटर

अमरावतीला गणित शिकून मी दर्यापूरकडच्या सासरी आले, ती सोबत रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर घेऊन. तालुक्यात शहाणी मी एकटीच, अशी माझी समजूत होती. आज नात मला मोबाइल शिकवताना उसासे टाकते, तेव्हा ती नवी सून आठवून हसू येतं.

त्या वर्षी शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, सासऱ्यांची जोडी शेवटच्या वेळी पळणार होती. डावा बैल थकत चालला होता. एका धावेत काय कळतं, तीन धावांच्या वेळा जोडा, बेरीज करून नंबर मशीन लावील, असं मी सासऱ्यांकरवी पंचांच्या गळी उतरवलं. पटाशेजारीच एका पंचांच्या घरच्या टीव्हीला मी मशीन जोडलं. दशांश आले की ते रेंगाळायचं. पंचांचा चहा संपायचा, तरी पडदा कोराच. मी ऐटीत सांगायचे, विचार करून राहिला.

शेवटी निकाल आला. आमची जोडी पहिली, अकोटच्या पाटलांची दुसरी. पण पडद्यावर दोघांची बेरीज एकच.

"आकडा एकच, तं पहिला नंबर तुमचा काहून?" पाटलांनी विचारलं.

तुम्हाला न दिसणारा फरक त्याला दिसतो, मी म्हटलं. पाटील पान लावायला ओसरीवर गेले. मी वेळा पुन्हा पाहिल्या. दोन्ही जोड्यांच्या तिन्ही वेळा त्याच होत्या, फक्त क्रम वेगळा. आमच्या वेळा पाटलांच्या क्रमानं टाकल्या, तर आमची आघाडी गेली. एक भागिले तीन लिहायला बसलं की तीन-तीन संपत नाहीत, तसा आपला दशांश त्या मशीनमध्ये पुरा मावत नाही. शेपूट छाटावं लागतं. क्रम बदलला की छाटणी बदलते, आणि बेरजेत पडद्यावर दिसणारही नाही इतका फरक पडतो. फरक बैलांचा नव्हताच.

हे मी सासऱ्यांना हळूच सांगितलं. बरोबरी झाली तर जोड्या पुन्हा पळवायच्या, हा पटाचा रिवाज. अंगणात बांधलेल्या डाव्या बैलाची छाती अजून भात्यासारखी हलत होती. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"बरोबरी सांग, बाई."

जोड्या पुन्हा पळवल्या आणि पाटलांची जोडी जिंकली. परतताना सासरे छकड्यात बसले नाहीत, डाव्या बैलाच्या अंगानं चालत आले. मला राहवलं नाही. म्हटलं, मामाजी, मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं.

"त्याले पायानं जिंकता येत होतं तवा जिंकला," ते म्हणाले. "आता सुनेच्या मशीननं कायले जिंकवतं त्याले?"