केतकीच्या कार्डाचे मेसेज

मैत्रिणींनो, कॉन्व्हेंट शाळा सुटली की दादा मला सायकलवर घरी आणायचा. वाटेत एकच पेरू आम्ही दोघं खायचो. त्याच दादाची आज मला किळस आली.

त्याची मुलगी केतकी जर्मनीत शिकते. तिच्या प्रीपेड कार्डवर तो इथून पैसे भरतो आणि तिच्या प्रत्येक खर्चाचा मेसेज त्याच्याच फोनवर येतो. आज त्याच्या घरी जेवणानंतर तो ते मेसेज पाहुण्यांना वाचून दाखवत होता.

"हे कॅफेचं बिल. एकटी इतक्याची कॉफी पेती का?"

"जावई पाहून राह्यली असंल," दादाचे मेहुणे म्हणाले. सगळे हसले.

दादाने तिथेच कार्ड बंद केलं. "आता बराबर फोन करील."

तासाभरात फोन आला. त्याने स्पीकर लावला.

"बाबा, दुकानात कार्ड चालत नाहीये. मागे रांग आहे."

"आधी सांग, कॅफेत कोणासंगं गेल्ती?"

"सामान परत ठेवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तशीच उठून घरी आले. उद्या तिच्या तिथल्या बँक खात्यात मी पैसे पाठवणार आहे.

समीर, बाळा, आईचं हे लिहिलेलं तू वाचशीलच. माझ्यामागे शिलाई मशीन सूनबाईला दे, पाटल्या केतकीला. त्या विकून तिने काय घेतलं, हे कुणी विचारायचं नाही.