पोळ्याचा उरलेला रंग

वेताची जुनी खुर्ची विकत घ्यायची असेल तर आधी ती उलटी करावी. लोक बसून बघतात, खुर्चीच्या हातांवरून हात फिरवतात आणि "मस्त आहे" म्हणून घरी घेऊन येतात. मी मात्र भंगारवाल्याकडे गेले की पहिल्यांदा खुर्चीचे पाय वर करते. त्यामुळे हिंगोलीतल्या भंगारवाल्यांना मी जरा चक्रमच वाटते, वाटू दे. वाकवलेल्या लाकडाच्या खऱ्या खुर्चीत पाठीची कमान आणि मागचे दोन्ही पाय मिळून एकच दांडा असतो, वाफेवर मऊ करून वळवलेला. लाकडाच्या रेषा त्या वळणाबरोबर वळत जातात. नकली खुर्चीत तुकडे कापून जोडलेले असतात आणि रेषा नेमक्या वळणावर तुटतात. बैठकीच्या गोल कड्याला खालून ओळीनं भोकं दिसली, तर तिथे कधीकाळी कुणीतरी हातानं वेत विणला होता हे नक्की समजावं. खुर्ची कुरकुरत असेल तर घाबरू नये. बहुतेक वेळा स्क्रू ढिला झालेला असतो. पण त्या जागी कुणी खिळा ठोकलेला दिसला की माझं डोकं फिरतं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. वेत विणायला नांदेडच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून शिकले आणि तेव्हापासून घरात मोडक्या खुर्च्यांची रीघ लागली. नवरा म्हणतो, आपल्या घरात बसायला जागा नाही कारण सगळीकडे खुर्च्या आहेत.

आणि एवढी ही जाणकार, तिला सासरच्या ओसरीवरची खुर्ची वर्षानुवर्षं ओळखू आली नाही! डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावी गेलं की ती समोरच असायची. पण तिच्यावर ऑइल पेंटचे इतके जाड थर होते की खाली लाकूड आहे की लोखंड, तेही कळू नये. बैठकीवर प्लायवूड ठोकलेलं आणि त्यावर कायम मामंजी, म्हणजे माझे सासरे, बसलेले. ते नसले तर हरभऱ्याचं पोतं. तिला उलटी करण्याचा प्रसंगच आला नाही.

एका हिवाळ्यात सासूबाई गेल्या. मामंजींना आम्ही हिंगोलीला घेऊन आलो. त्यांनी समोरच्या खोलीतली खाट धरली आणि भिंतीकडे तोंड केलं. दिलं तर खायचे, विचारलं तर "हूं" म्हणायचे, धरून नेलं तर मोरीपर्यंत जायचे. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं, "हाडं ठीक आहेत, छाती ठीक आहे. पण असेच पडून राहिले तर पुढे उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाही. काहीही करा, पण त्यांना बसतं करा."

आम्ही सोफ्यावर बसवून पाहिलं, उशांना टेकवून पाहिलं. थोड्या वेळानं ते पुन्हा आडवे. दिवसेंदिवस पाय काडीसारखे होत चालले होते आणि मला भीती वाटायला लागली होती. नवरा रात्री पंख्याकडे बघत पडायचा.

मला वाटलं, ज्या खुर्चीवर हा माणूस जन्मभर बसला ती तरी आणून बघू. गावाकडून हळदीचा टेम्पो मोंढ्यात, म्हणजे इथल्या धान्यबाजारात, येणार होता, त्यात ती टाकून आणली. खुर्ची आली तीच पिवळीधमक होऊन. मी ती अंगणात धुवायला घेतली, सवयीनं उलटी केली आणि बघतच राहिले. प्लायच्या कडेला भोकांची ओळ होती. खिळे उपटले तर खाली गोल कडं, आणि पाठीपासून पायापर्यंत एकच दांडा. निजामाच्या काळातल्या कुठल्याशा कचेरीच्या लिलावातून मामंजींच्या वडिलांनी ती आणली होती, असं नवऱ्याला तेव्हा कुठे आठवलं. आधी का नाही सांगितलं, म्हणून मी त्याच्यावर उखडले. "तू कधी विचारलंस?" म्हणाला.

मामंजींच्या खोलीच्या दारातच, व्हरांड्यात, मी रंग खरवडायला बसले. अशा खुर्चीला कॉस्टिक सोडा लावू नये, लाकूड खराब होतं. काचेचा तुकडा घ्यावा आणि लाकडाच्या रेषेनं हलक्या हातानं ओढावा. वेळ लागतो. वरचा थर रुपेरी होता, आणि तोसुद्धा कुठे जाड, कुठे पातळ, कुठे ओघळ तसेच वाळलेले. मला असा संताप आला की मी मोठ्यानं म्हणाले, "ज्यानं कुणी हा रंग फासला ना, त्याचे हात बांधून ठेवायला पाहिजे होते!"

"तुह्या सासूनं," खाटेवरून आवाज आला.

मी जीभ चावली. किती दिवसांनी ते आपणहून बोलले होते, आणि ते हे. वळून पाहिलं तर त्यांनी कूस बदलली होती आणि ते खुर्चीकडे बघत होते.

"पोळ्याला बैलाच्या शिंगाला रंग द्यायचा न्हाई का," ते म्हणाले. "डब्यात थोडा उरतोच. आमी बैलं घेऊन मिरवणुकीला गेलो की मागं ती खुर्ची रंगवून ठेवायची. वाया काहून घालायचा म्हणे. मी दमून येऊन बसायचो, अन् नव्या धोतराला रंग. दर साली!"

"मग तुम्ही रागवत नव्हता?"

"रागवायचो की. ती हसायची."

मी खाली मान घालून खरवडत राहिले. रुपेरीच्या खाली हिरवा लागला. "हिरवा आला व्हय?" त्यांनी विचारलं. हिरवा म्हणजे तांबड्या बैलजोडीचा, त्यातला एक मारका होता. रुपेरी शेवटचा. त्यानंतर ट्रॅक्टर आला आणि जोडी विकली. आणखी कितीतरी थरांखाली गुलाबी, तो नवऱ्याच्या बारशाच्या वर्षीचा. एकेक थर निघत होता आणि एकेका पोळ्याची हकिकत खाटेवरून येत होती. मला आनंद झाला होता. म्हातारा बोलतोय, खाली लाकूड दिसायला लागलंय, म्हणून माझा हात जोरात चालायला लागला. खुर्चीच्या उजव्या हातावर तळव्याएवढं स्वच्छ, मधाच्या रंगाचं लाकूड उघडं पडलं. मी काच खुर्चीच्या डाव्या हातावर टेकवली.

खाट करकरली. मामंजी दाराची चौकट धरून उभे होते. एकटे. पाय लटपटत होते.

"बास कर," ते म्हणाले. "समदं काढून राहिली तू. मंग तिचं काय ऱ्हाईल?"

माझ्या हातातली काच खाली पडली. नवरा आतून धावत आला आणि बापाला उभं पाहून जागीच थबकला.

"बगून काय राहिला? बसाया काही दे," मामंजी त्याच्यावर खेकसले. खुर्चीला तर बैठकच नव्हती, नुसतं भोक! शेवटी प्लास्टिकची खुर्ची दिली. तिला नावं ठेवत ते माझ्याशेजारी बसले.

त्या दिवसापासून ते रोज बाहेर येऊ लागले, मी आणखी खरवडत नाही ना हे बघायला. मी रंगाला हात लावला नाही. फक्त वेत विणला. वेताच्या पट्ट्या आधी पाण्यात भिजवाव्यात, कोरड्या विणल्या तर चिरतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात विणलेली बैठकसुद्धा वाळून तडकते, म्हणून अधूनमधून खालच्या बाजूनं ओलं फडकं फिरवावं. बैठक झोळ धरायला लागली तर खालून कोमट पाणी लावून रात्रभर सावलीत ठेवावी, पुन्हा ताणून बसते. हे सगळं मी त्यांना सांगायचे आणि ते "व्हय, व्हय" म्हणत ताणलेला वेत सुटू नये म्हणून भोकात खुंट्या घालून द्यायचे. पहिल्यांदा घराच्या फाटकापर्यंत गेले तेसुद्धा त्याच दिवसांत, खुंट्यांसाठी कडुलिंबाची काडी तोडायला.

बैठक पूर्ण झाली त्या संध्याकाळी ते खुर्चीवर बसले. हात दोन्ही बाजूंना ठेवले, एक उघड्या लाकडावर, एक रंगावर. रंगावरचा हात बराच वेळ फिरत होता.

"आता पोळ्याला कोण रंगवंल?" ते म्हणाले.

वेताच्या खुर्चीला ऑइल पेंट लावणाऱ्यांशी मी आजवर भांडत आले आहे. तरी म्हणाले, "मी रंगवीन, मामंजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला न्हाई जमायचं, पोरी. तू लई नीट रंगवशील."

आणि चितेपाशीही ज्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं, ते मामंजी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून रडले. मी तिथेच खाली फरशीवर बसून राहिले.