परसदारचे गोंडे

शके १६९९, श्रावण शुद्ध दशमी. सकाळी पाऊस. दोन जानवी पुरी झाली. जाऊबाईंकडे पुन्हा सुई मागितली. ‘बघते’ म्हणाल्या.

दिराच्या कचेरीतल्या रद्दी कागदाच्या पाठीवर एवढे लिहून मथुराबाईंनी बोरू खाली ठेवला. नवरा गेल्यापासून त्या शनिवार पेठेतल्या याच घरात होत्या. पोटाला काही कमी नव्हते. पण फाटले लुगडे शिवायला सुई हवी तरी धाकट्या जाऊबाईंपुढे हात पसरावा लागे, आणि द्यायच्या आधी त्या हसत. ते हसणे आता सोसवत नव्हते. आपण कातलेली जानवी विकावी, आपली सुई आपण घ्यावी, एवढीच हाव.

पण त्यांनी उंबरा ओलांडायचा नाही. आणि परसदारी भाजी घेऊन येणाऱ्या मैना माळणीने बाजारात न्यायची, तर तिने शिवताच जानवे बाटले.

मैनेने दारातूनच सूत न्याहाळले. “बाई, सूत झ्याक हाय. पोळा आलाय. बैलांचे गोंडे करा की.”

“विधवेच्या हातचे? चालतील?”

“बैल काय सोवळं नेसून पंगतीला बसत्यात व्हय?”

मथुराबाई खळखळून हसल्या आणि लगेच तोंडावर पदर धरला.

दुपारी घर निजले की त्या गोंडे वळत. मैना ते रंगवी, बुधवार पेठेत विकी. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिने त्यांच्या हातावर सुई ठेवली. “म्होरं काय करायचं, बाई?”

“गोफ विणीन म्हणते,” मथुराबाई म्हणाल्या. मागे दीर दिगंबरपंत उभे होते.

“वाः वहिनी! आमच्याकडे खायला मिळत नाही, एवढे गावभर करायचे राहिले होते.”

“खायला मिळते, भावोजी. सुई मिळत नव्हती.”

“मग मागायची!” दिगंबरपंतांनी मैनेला वाटेला लावले आणि गड्याला कुलूप आणायला पिटाळले.

दुसऱ्या दिवशी पोळ्याचे बैल मागच्या बोळातून वाजतगाजत गेले. मथुराबाई बंद दाराशी उभ्या होत्या. गोंडे दिसले नाहीत. घुंगरमाळा तेवढ्या ऐकू आल्या.

संध्याकाळी त्यांनी लिहिले: श्रावण अमावास्या. पुरण झाले. परसदाराची किल्ली जाऊबाईंच्या कमरेला. लुगड्याला ठिगळ लावले.